प्राणी पाळायचे नियम नक्की ठरवतं कोण? सोसायटी, महापालिका की सरकार

२०२५ हे साल प्राण्यांच्या बातम्यांचंच होतं म्हणा ना. फेब्रुवारीत हडपसरच्या एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये तीनशेच्या आसपास मांजरं सापडल्याची बातमी आली, जुलैमध्ये नांदणी मठाची माधुरी हत्तीण गुजरातमधल्या वनतारा प्राणी केंद्रात नेली आणि सगळं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं, त्याच महिन्यात मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायचं ठरलं, आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबद्दल अकरा दिवसांत दोन वेगवेगळे आदेश दिले. प्रत्येक बातमीनंतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर वकिलांचं पीक येतं आणि सगळे ठामपणे सांगतात की "नियम असा आहे". गंमत म्हणजे दोन माणसं अगदी उलट सांगत असतात आणि दोघांकडे कुठलातरी खरा कागद असतो.

असं होतं कारण "प्राणी पाळण्याचा नियम" असा एक नियम आपल्याकडे नाहीच. कोणता प्राणी पाळता येतो हे एकजण ठरवतो, कुठे पाळता येतो हे दुसरा, आणि पाळल्यावर कसा ठेवायचा हे तिसराच. ह्या तिघांत सोसायटीचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो आणि आवाज मात्र तिचाच सगळ्यात मोठा असतो.

आधी हे अधिकार वाटलेत कसे ते बघू

राज्यघटनेत विषयांच्या याद्या आहेत. प्राण्यांवरची क्रूरता रोखणं आणि वन्यप्राण्यांचं संरक्षण हे दोन विषय समवर्ती सूचीत येतात, समवर्ती म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही त्यावर कायदा करू शकतात. गुराढोरांची जोपासना, त्यांचे रोग आणि कोंडवाडे हे मात्र राज्याकडे. हो, कोंडवाड्याची राज्यघटनेत वेगळी नोंद आहे, घटना लिहिणाऱ्यांना गावातली भांडणं चांगली माहीत होती असं दिसतंय.

मग केंद्राचे दोन मोठे कायदे येतात, प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. राज्याचे पशुसंरक्षणाचे आणि शहरातल्या गुरांचे कायदे वेगळे. त्याखाली महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत, ह्यांच्याकडे परवाना, स्वच्छता आणि उपद्रव एवढं येतं. आणि सगळ्यात खाली सहकारी सोसायटी, जिचे उपविधी (म्हणजे सोसायटीचे स्वतःचे लिखित नियम) वरच्या कुठल्याही कायद्याच्या विरोधात जाऊ शकत नाहीत. एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मी भांडणं कळायला लागतात.

कोणता प्राणी? इथेच बरेच लोक नकळत गुन्हा करून बसलेत

कुत्रा, मांजर, गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, ससा, ह्यांबद्दल वाद नाही, हे पाळीव. घोळ होतो तो पोपटाचा. आपला हिरवा, लाल चोचीचा, गळ्याभोवती पट्टा असलेला साधा पोपट, जो कित्येक घरांत पिंजऱ्यात "विठू विठू" करत असतो आणि ज्योतिष्याच्या पेटीतून पत्ता काढून देतो, तो कायद्याने वन्यप्राणी आहे. तो विकत घेणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं सगळंच बेकायदेशीर. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वास्तुशास्त्रासाठी म्हणून लोक घरात ठेवतात ते पिवळ्या नक्षीचं चांदणी कासव तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत (सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत) आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत, आणि तिथे शिक्षा किमान तीन वर्षांपासून सुरू होते. वास्तुदोष परवडला.

"पण आमच्याकडे तर आजोबांपासून पोपट आहे, कोणी काही बोललं नाही" हे नेहमीचं उत्तर. कोणी बोललं नाही कारण वनखातं घरोघरी पिंजरे तपासत फिरत नाही, कायदा तर १९७२ पासून आहेच. तक्रार झाली की मात्र पोपट जप्त होतो आणि तेव्हा आजोबांचं नाव सांगून उपयोग नसतो. इतकी वर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पोपटाला खिडकीतून असंच उडवून देऊ नका, तो जगत नाही, वनखात्याला किंवा वन्यप्राण्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला कळवा.

परदेशी पक्ष्यांचं वेगळं आहे. दुकानात ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात ते रंगीत छोटे पक्षी (खरं तर ते बहुतेक वेळा बजरीगर असतात) आणि कॉकाटील, हे चालतात, त्यांना वन्यजीव कायद्याखाली नोंदणी लागत नाही. पण मकाव, आफ्रिकन ग्रे पोपट, इग्वाना असलं काही असेल तर नोंदणी लागते. २०२२ मध्ये वन्यजीव कायदा बदलला, बदल एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने नियम काढले की जगभरात ज्यांच्या व्यापारावर बंधन आहे असे प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी सहा महिन्यांत परिवेश पोर्टलवर नोंद करायची. नवीन आणलात, पिल्लं झाली, मेला, सगळं कळवायचं. वीस-पंचवीस हजार मोजून पक्षी आणणाऱ्यांतले किती जण हे करतात देव जाणे.

माधुरीचं प्रकरणही ह्याच कायद्याच्या आसपास फिरतं. हत्ती पहिल्या अनुसूचीतला, पण शतकानुशतकं माणसांकडे राहिलेला, म्हणून त्याच्यासाठी मालकीचं प्रमाणपत्र अशी सोय कायद्यात ठेवली. पण प्रमाणपत्र आहे म्हणून पाहिजे तसं ठेवता येतं असं नाही. राहायला जागा, देखभाल, तब्येत बघितली जाते, आणि मुंबई हायकोर्टाने नेमकं तेच बघून, म्हणजे मठाच्या हक्कापेक्षा हत्तिणीच्या तब्येतीला जास्त वजन देऊन तिला हलवायला परवानगी दिली, सुप्रीम कोर्टानेही ते कायम केलं. लोकांचं दुःख खोटं नव्हतं. पण "आमची आहे" हे वाक्य प्राण्यांच्या बाबतीत कोर्टात पूर्वीइतकं चालत नाही, हे त्यातून सगळ्यांना कळलं.

आता सोसायटी. "आम्ही एजीएममध्ये (वार्षिक सभेत) ठराव केलाय, कुत्रे बंद"

केला असेल. उपयोग नाही. शंभर टक्के सभासदांनी हात वर केले तरी नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने, म्हणजे १९६० च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्राच्या मंडळाने, २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्पष्ट आहे की सोसायटी पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही, बहुमताने पण नाही, लिफ्ट वापरायला मनाई करू शकत नाही, कुत्र्याच्या जातीवरून किंवा आकारावरून भेद करू शकत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केरळ हायकोर्टाने तर अशी बंदी घालणारी कलमं सरळ बेकायदेशीर ठरवली. केरळचा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही हे खरं, पण वकील तो दाखवतात आणि कोर्ट वाचतं.

दुसऱ्या बाजूने कुत्रेवाले ह्या सूचना छातीवर लावून फिरतात त्यांनाही थोडं सांगायला हवं. ह्या सूचना आहेत, कायद्याचं कलम नव्हे, त्यांचं वजन आहे पण त्या दाखवून बाकी सगळं माफ होत नाही. सोसायटीच्या नमुना उपविधीत एक जुनं कलम आहे की सभासदाने आपल्या घरात असं काही करू नये ज्याचा बाकीच्यांना उपद्रव होईल. तुमच्या घरातल्या टीव्हीचंच बघा, सोसायटी तुम्हाला टीव्ही घेऊ नका असं सांगू शकत नाही, पण रात्री दीडला फुल्ल आवाजात लावलात तर नक्की सांगू शकते, आणि ऐकलं नाहीत तर पोलीस सांगतात. कुत्र्याचं अगदी तसंच आहे. असण्यावर बंदी नाही, त्रासावर आहे.

मग सोसायटी काय करू शकते? पट्टा लावूनच बाहेर काढा, रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट दाखवा, घाण उचला, गर्दीची वेळ टाळायला विनंती करा, एवढं सगळं करता येतं. मुंबईत प्राण्याची घाण रस्त्यावर तशीच सोडली तर महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधीत ५०० रुपये दंड आहे. पण सेक्रेटरीने स्वतःच "पेट चार्जेस महिन्याला दोन हजार" असं मेंटेनन्सच्या बिलात टाकलं तर ते चालत नाही.

भाड्याने राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सोसायटी अडवू शकत नाही, पण घरमालक करार करतानाच "प्राणी चालणार नाहीत" असं टाकतो आणि तुम्ही अकरा महिन्यांच्या कागदावर सही करता, तेव्हा भांडण तुमचं आणि त्याचं होतं, सोसायटीच्या सूचना तिथे फार कामाला येत नाहीत. सही करायच्या आधी विचारा. नंतर लपवून ठेवायला मांजर ठीक आहे, लॅब्राडोर लपत नाही.

महापालिकेचा परवाना खरंच लागतो का?

लागतो. मुंबईत, पुण्यात कुत्र्याचा परवाना दरवर्षी काढायचा असतो, फी किरकोळ आहे, मुख्य कागद म्हणजे रेबीजच्या लसीचा. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांसाठीही नोंदणी आणली, तेव्हा पेपरांत आणि मीम्समध्ये भरपूर चेष्टा झाली की आता मांजर आधार कार्ड घेऊन फिरणार वगैरे. पण बघा, दोन-तीन वर्षांत तीनशे मांजरांचा फ्लॅट निघाला आणि सगळे विचारायला लागले की महापालिकेला हे माहीत कसं नव्हतं. नोंदणी केली असती तर माहीत असतं!

त्यातूनच पुढचा प्रश्न येतो की किती पाळता येतात. घरात दोनच कुत्रे किंवा चारच मांजरं असा आकडा केंद्राच्या क्रूरता कायद्यात नाही. म्हणून हडपसरच्या केसमध्ये मुद्दा आकड्यावरून नाही तर वासावरून, आवाजावरून आणि प्राण्यांच्या हालांवरून आला, पाहणी झाली आणि मांजरं हलवायची नोटीस निघाली. माझं मत विचाराल तर आकडा ठरवून देण्यापेक्षा हेच बरं, कारण एखाद्याची सहा मांजरं स्वच्छ असतात आणि एखाद्याचा एकच कुत्रा गॅलरीत चोवीस तास साखळीला असतो.

आणि ते साखळीचं आलंच आहे तर सांगून टाकतो, कुत्र्याला कायम बांधून ठेवणं आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हे १९६० च्या कायद्यात गुन्हे आहेत, शब्दशः लिहिलेले. बंगल्याच्या गेटवर "कुत्र्यापासून सावध" असा बोर्ड आणि खाली दोन फुटी साखळीत आयुष्य काढणारं जनावर, हे चित्र आपल्याला इतकं सवयीचं आहे की त्यात काही चुकतंय असं वाटतच नाही. प्राणी सोडून देणं, म्हणजे बदली झाली म्हणून हायवेला उतरवून येणं, हा पण त्याच कलमातला गुन्हा.

पण माझ्या पोराला चावलं तर?

तर मालक जबाबदार. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या आयपीसीत, म्हणजे न्याय संहितेच्या आधीच्या भारतीय दंड संहितेत, हा दंड एक हजार होता. नुसतं कागदावरचं कलम आहे असं समजू नका, वरळीच्या एका इमारतीत लिफ्टमध्ये कुत्रा शेजाऱ्याला चावला होता २०१८ मध्ये, त्यात मालकाला २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. लिफ्ट वापरायचा हक्क आहे तो असा, पट्टा हातात घट्ट धरून.

भटका कुत्रा चावला तर मालक कोण, हा खरा अवघड प्रश्न आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे महापालिकेने पकडायचे, नसबंदी करायची, लस द्यायची आणि जिथून उचलला तिथेच सोडायचं. खायला घालायची जागा सोसायटीने खाऊ घालणाऱ्यांशी बोलून ठरवायची, मुलं खेळतात ती जागा आणि जिने सोडून. ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातले सगळे कुत्रे शेल्टरमध्ये टाका म्हटलं, २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी ते बदलून लस-नसबंदी करून परत सोडा, फक्त रेबीज झालेले आणि आक्रमक सोडू नका असं केलं, रस्त्यावर कुठेही खायला घालू नका, वॉर्डात जागा ठरवा असंही सांगितलं. मग ७ नोव्हेंबरला आणखी एक आदेश, की शाळा-कॉलेज, हॉस्पिटल, स्टेडियम, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथून उचललेले कुत्रे तिथे परत सोडायचे नाहीत. म्हणून ग्रुपवर कोणी "कोर्टाने सांगितलंय" म्हटलं की आधी तारीख विचारा.

गोठा शहरात आला की शहर गोठ्यात आलं?

कुत्र्या-मांजरांवर सगळे बोलतात, गुरांचा नियम मात्र जास्त लोकांच्या पोटाशी जोडलेला आहे आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

महाराष्ट्रात १९७६ चा एक कायदा आहे, शहरी भागात गुरं ठेवण्यावर आणि त्यांची ने-आण करण्यावर नियंत्रण आणणारा. जिथे तो लागू आहे तिथे गाय-म्हैस ठेवायला परवाना लागतो. ह्याची मुळं मुंबईच्या तबेल्यांत आहेत. शहराच्या मधोमध म्हशी, त्यांचं शेण गटारात, माश्या, रोगराई, ह्यावर तोडगा म्हणून १९४९ मध्ये गोरेगावला आरे वसाहत काढली आणि तबेले तिकडे हलवायला सुरुवात झाली. तरी जोगेश्वरी-अंधेरीकडे तबेले उरलेच, ते पालघरच्या दापचरीला हलवायचं वर्षानुवर्षं चाललंय. म्हशीवाल्याचं म्हणणं असं की दूध सकाळी सहाला दारात पाहिजे, पण म्हैस दारात नको, हे कसं जमायचं?

आता हाच प्रश्न पुण्याच्या कडेला आलाय. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत घेतली. त्या गावांत ज्याच्या पंजोबाने दावण बांधली तो माणूस झोपेतून उठला तो महापालिकेच्या हद्दीत, आणि शेजारी चौदा मजली टॉवरमध्ये राहायला आलेले लोक ऑनलाइन तक्रार करतात की शेणाचा वास येतो. "आम्ही आधीपासून आहोत" ह्याला माणुसकी म्हणून किंमत आहे, पण हद्द बदलली की नियम बदलतो आणि आधीपासून असणं हा परवाना नसतो. दुसरीकडे राज्य सरकारच २०२१ पासून शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेतून, रोजगार हमीला जोडून, दोन ते सहा गुरांचा पक्का गोठा बांधायला ७७,१८८ रुपये देतं. ते गावाला. म्हणजे रस्त्याच्या अलीकडे गोठ्याला अनुदान आणि पलीकडे नोटीस. ह्यात कोणाची चूक आहे असं मी म्हणणार नाही, पण गावं घेताना गुरांची जागा कुठे ह्याचा एक कागद तरी आधी करायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

गावात उकिरडा, सांडपाणी ह्यावर ग्रामपंचायत बोलू शकते. मोकाट जनावरांसाठी तर १८७१ चा गुरे अतिक्रमण कायदा आहे, दीडशे वर्षांहून जुना. पिकात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालायचं, मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवायचं, सात दिवसांत कोणी आलं नाही तर नोटीस लावायची आणि तरीही नाही आलं तर लिलाव. कोंडवाडे बऱ्याच गावांत आता पडलेत नाहीतर त्या जागेवर दुसरं काही झालंय, जनावरं मात्र तशीच फिरतात. त्यात २०१५ पासून राज्यात गाय-बैल दोन्हींच्या कत्तलीला बंदी, त्यामुळे भाकड जनावर विकायचं कुठे हा प्रश्न शेतकऱ्यापुढे आहेच, आणि त्यातली काही रस्त्यावर येतात. कायदा चांगला की वाईट हा वाद वेगळा, पण खुंट्यावरचा खर्च कोणी भरायचा ह्याचं उत्तर कायद्यात नाही.

कानातला बिल्ला कशाला?

पिवळा टॅग, त्यावर बारा आकडी नंबर. तो जनावराची ओळख आहे आणि पोर्टलवर त्याच्या लसी, आजार, मालक सगळं चढतं. राज्याने १ जून २०२४ पासून टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री बाजारात बंद केली. बऱ्याच शेतकऱ्यांना हा नुसता त्रास वाटतो, कान पिकतो, टॅग तुटतो, परत कोण मारणार. पण २०२२ ला लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला तेव्हा गुरांचे बाजार बंद करावे लागले, वाहतूक थांबवली, आणि कुठलं जनावर कुठून आलं हे शोधायला टॅग हाच एक धागा असतो. कोंबड्यांचंही तेच. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापूरला सापडला, तेव्हापासून रोग निघाला की ठराविक परिघातल्या सगळ्या कोंबड्या मारतात, परसातल्या चार गावरान पण त्यात येतात. भरपाई मिळते, पण परसातल्या कोंबड्यांची नोंदच नसते, तिथे शेतकरी अडतो.

राज्य केंद्राचा कायदा बदलू शकतं का?

समवर्ती सूचीतला असेल तर हो, राष्ट्रपतींची मंजुरी घेऊन. बैलगाडा शर्यत हे त्याचं ताजं उदाहरण. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, महाराष्ट्राने २०१७ मध्ये १९६० च्या कायद्यात राज्यापुरता बदल केला, डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाने तात्पुरती परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो बदल कायम ठेवला. पण अटी आहेत, जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, धाव एक हजार मीटरच्या आत, चाबूक-पिराणी नाही, आणि बैलाचे हाल केले तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

तो पाच लाखांचा आकडा लक्षात ठेवा आणि आता हे वाचा. शर्यत सोडून इतर वेळी, म्हणजे कुत्र्याला उपाशी ठेवलं, साखळीत सडवलं, बैलाला मारमारून जखमी केलं, तर १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांत परत केलं तर पंचवीस ते शंभर, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. २०२२ मध्ये केंद्राने हे वाढवायचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता, सूचना मागवल्या होत्या, पुढे त्याचा कायदा काही झाला नाही. जनावर ठार मारलं किंवा अपंग केलं तर न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत आहे, ते खरं. पण मारलं नाही, फक्त हाल केले, तर पावती पन्नासची.